उंदराची भूक

प्रयोगशाळेतल्या उंदराला चटोर म्हणता येत नाही. लग्नाच्या पंगती, ऑफिसातले वाढदिवस, मालिका बघताना मांडीवर घेतलेला फरसाणाचा डबा, यातले काहीच त्याच्या वाट्याला येत नाही. पिंजऱ्यात रोज त्याच चवीच्या गोळ्या. तरीही येल विद्यापीठातले काही उंदीर इतरांपेक्षा जास्त खाऊ लागले. त्यांच्या चरबीच्या पेशीजालाचा विस्तार झाला, इन्शुलिनला दाद मिळेना. २०१८ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्या उंदरांत एकच गोष्ट कमी केलेली होती. मिर-३३ नावाचा मायक्रोआरएनए.

जेमतेम वीस-बावीस अक्षरांचा हा तुकडा. स्वतः कुठलेही प्रथिन घडवत नाही, दुसऱ्या जनुकांचे निरोप अडवतो. हृदयविकारावर काम करणाऱ्यांना तो नकोसा होता, कारण पेशीतले कोलेस्टेरॉल बाहेर टाकणारी यंत्रणा तो दाबून धरतो. २०११ मध्ये आफ्रिकेतल्या हिरव्या माकडांत त्याला गप्प केले, तेव्हा ‘चांगले’ कोलेस्टेरॉल वाढले. औषध हाती लागल्यासारखे वाटले. दोनच वर्षांनी क्योटोहून उलटी बातमी आली. हा तुकडा नसलेले उंदीर लठ्ठ होतात आणि त्यांच्या यकृतात चरबी साठते. ठपका यकृतावर आला. चरबी घडवणारी तिथली यंत्रणा मोकाट सुटते, असा खुलासा झाला.

येलच्या चमूला तो खुलासा पटला नाही. (पुढे २०२१ मध्ये फक्त यकृतातून हा तुकडा काढून पाहिला, तर वजनात फरक पडला नाही. यकृत उलट सुधारले.) त्यांनी एक अगदी साधी गोष्ट केली. या उंदरांना इतर उंदरांइतकेच खाणे मोजून दिले. लठ्ठपणा टळला.

आता यातून कोण काय उचलेल, हे सांगायला ज्योतिषी नको. एक म्हणेल, बघा, सगळे जनुकातच असते. दुसरा म्हणेल, बघा, शेवटी खाण्याचाच प्रश्न. दोघेही अर्धीच हकीकत वाचतात. उंदीर लठ्ठ झाला तो जास्त खाल्ल्यामुळे. आणि जास्त खाल्ले ते तो तुकडा नसल्यामुळे. जनुकाचा रस्ताच तोंडातून जात होता.

उंदरावरून माणसाचे सरसकट सांगू नये, हे मान्य. या बाबतीत तर मुळीच नाही. माणसात मिर-३३ ची जोडी आहे, उंदरात एकटाच. त्यामुळे कुणाच्या पोटाच्या घेराचा हिशेब या प्रयोगावरून मांडता येणार नाही. पण ‘जिभेवर ताबा ठेवा’ या सल्ल्यात जे गृहीत धरलेले असते, त्याचा हिशेब जरूर मांडता येतो. भूक सगळ्यांना सारखीच लागते, काहींना ती आवरत नाही, एवढेच ते गृहीतक. ते उंदराच्या बाबतीतही खरे ठरले नाही. संयम सुटायला त्याच्याकडे संयम होता कुठे?

मोजून दिल्यावर लठ्ठपणा टळला, हेच ज्यांना लक्षात ठेवायचे आहे त्यांनी मोजणारा कोण होता तेही पाहावे. त्या उंदराने स्वतःला आवरले नव्हते. त्याचे खाणे दुसऱ्याने आवरले होते, आणि पिंजऱ्याला दार होते. ही सोय नसलेल्या माणसाच्या हाती आहाराचा छापील तक्ता दिला जातो. महिन्याने तो परत येतो तेव्हा काट्यावर उभा केला जातो. वजन उतरले नसेल तर पहिला प्रश्न ठरलेला असतो, तक्ता पाळला का? त्या महिन्यात भूक किती लागत होती, हे सहसा कोणी विचारत नाही.