आय सेव्हन, पण कितवा?

मुलगा ‘इंजिनियर’ आहे एवढ्यावर आपल्याकडे कुणी अक्षता टाकत नाही. कुठल्या कॉलेजचा, कधी पास झाला, हल्ली नक्की करतो काय, हे सगळं चहा निवायच्या आत विचारून होतं. हाच चौकस माणूस मुलीसाठी जुना लॅपटॉप घ्यायला गेला, की ‘साहेब, आय सेव्हन आहे!’ एवढे शब्द ऐकून खिशात हात घालतो. माझं भांडण आहे ते या शब्दांशी.

जुन्या मालाशी नाही हं. (‘रिफर्बिश्ड’ म्हटलं की गिऱ्हाईक खुर्ची ओढून बसतं आणि ‘जुना’ म्हटलं की भाव पाडतं, ती गंमत वेगळी.) मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांत धडधाकट यंत्रं काढून टाकतात. घसारा म्हणजे काय ते मी बी.कॉम.ला शिकलोय. आमच्या शाखेतला एक पंखा हिशेबाच्या वहीत केव्हाच वारला, तरी अजून वारा घालतो.

पण प्रोसेसरचं प्रकरण निराळं. डिस्क बदलता येते, बॅटरी बदलता येते, पुष्कळ यंत्रांत रॅमही वाढवता येते. प्रोसेसर मात्र हल्लीच्या लॅपटॉपांत बोर्डालाच सोल्डर केलेला असतो. म्हणजे हा कायमचा जावई. आणि नेमकं त्याचंच पूर्ण नाव सांगायला दुकानदार नव्या नवरीसारखा लाजतो.

आता हे बघा. इंटेलचा ‘आय सेव्हन ७६००यू’ आणि ‘आय फाइव्ह ८२५०यू’ ही दोन्ही २०१७ सालची अपत्यं. त्या चार आकड्यांतला पहिला आकडा म्हणजे पिढी. दहाव्या पिढीपासून पहिले दोन बघायचे. शेवटचा ‘यू’ म्हणजे वीज कमी खाणारा. सातव्या पिढीच्या या थोरल्याचा मूळ वेग २.८ गिगाहर्ट्‌झ, आठव्या पिढीच्या धाकट्याचा १.६. सात मोठे की पाच? सातच! पण थोरल्याला कोअर दोन आणि धाकट्याला चार. कोअर म्हणजे आमच्या भाषेत खिडक्या. दोन खिडक्यांवर कितीही चपळ कारकून बसवा, पेन्शनच्या दिवशी चार खिडक्यांची शाखाच लवकर मोकळी होते.

शिवाय २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ने इंटेलची आठवी पिढी आणि पुढच्यांनाच अधिकृतपणे घरात घेतलं. सातवीतले अगदी मोजके वशिल्याने आत गेले, त्यात आमचा ७६००यू नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे ‘आय सेव्हन’ म्हणून ज्याची आरती ओवाळली, तो सरकारदरबारी बेवारस! इंटेलने २०२३ मध्ये नव्या मालाच्या नावातून ‘आय’ काढून टाकायचं जाहीर केलं, पण जुन्या बाजारात तो आय अजून कुलदैवतासारखा पुजला जातो.

यात फसतो कोण? साठ-सत्तर हजार मोजणारा या गल्लीत येतच नाही. येतो तो पोरीच्या कॉलेजसाठी आवर्ती ठेव मोडून अठरा हजार घेऊन आलेला. त्याची पावती मोडून देणारा मीच असतो, म्हणून माझा जीव तुटतो. चेकवर रक्कम म्हणून कुणी ‘बरीच’ असं लिहिलं तर आम्ही तो वटवतो का? मग ‘आय सेव्हन’ एवढ्यावर अठरा हजार कसे सुटतात?

‘सिस्टिम’चं पान उघडलं की पूर्ण नाव पडद्यावर येतं, दहा सेकंदांचं काम. मी एका दुकानात तसं उघडायला सांगितलं, तर मालक म्हणाले, “काका, एवढं कोण बघतं?”

म्हटलं, “मी बघतो. आणि तोच नंबर बिलावर लिहा.”

“बिलावर तेवढी जागा नसते हो.”

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य मात्र त्याच बिलावर दोनदा छापलेलं होतं. एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत.