फाशाचा हिसाब, संगणकाच्या साक्षीने

दहावीच्या बीजगणितात ‘संभाव्यता’ हे प्रकरण आले की एखाद्या घरात तरी प्रश्न निघतोच: मुलांच्या पुस्तकात फासे कशाला? जुगार आपल्याकडे हराम आहे, हे लहानग्यांनाही ठाऊक असते. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच या महिन्यात आम्ही मुद्दाम फाशाचे कोडे घेतले आहे. ते जुगाराच्या पटावरून आलेले आहे, आणि जुगाराचे पितळ उघडे पाडणारेही आहे.

कोडे असे. पहिल्या डावात एक फासा ४ वेळा टाकायचा. एकदा तरी ६ पडले तर जिंकलात. दुसऱ्या डावात दोन फासे एकदम टाकायचे, २४ वेळा. एकदा तरी दोन्ही फाशांवर ६ पडले तर जिंकलात. दोन्ही डाव सारखेच आहेत का?

हा प्रश्न फ्रान्समधला. आंत्वान गोंबो नावाचा एक लेखक होता. ‘शव्हालिए द मेरे’ या नावाने तो ओळखला जाई. या कोड्याने तो चक्रावला. त्याचा हिशेब सरळ होता: एका फाशाच्या बाजू ६, फेका ४, दोन फाशांच्या जोड्या ३६, फेका २४. चारास सहा तसे चोवीसास छत्तीस. प्रमाण एकच, म्हणून संधीही एकच असायला हवी. ब्लेझ पास्कलने १६५४ साली पिएर द फर्मा या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात या कोड्याचा उल्लेख आहे. संभाव्यतेच्या गणिताची सुरुवात याच पत्रव्यवहारापासून मानतात.

त्रैराशिकाचा हा हिशेब फसवा आहे, हे लुडो खेळलेल्या कुणालाही कळेल. ४ फेकांत संधी सहात चार असेल, तर ६ फेकांत ती सहात सहा, म्हणजे पक्की व्हायला हवी. पण सहाच्या सहा फेका वाया जाऊन सोंगटी घरातच अडकलेली आपण सर्वांनी पाहिली आहे. खरे तर तीनांतून एकदा असे होतेच.

आता संगणकाला कामाला लावू. पायथॉन ही भाषा फुकट मिळते, मोबाइलवरही चालते. संगणकाला काम पायरी-पायरीने सांगावे लागते. त्या पायऱ्यांना ‘अल्गोरिदम’ म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादला काम केलेल्या अल-ख्वारिझ्मींच्या नावावरून आला आहे.

पहिल्या डावासाठी एकात एक असे चार लूप लिहायचे, प्रत्येक १ ते ६ फिरणारा. पहिल्या फेकीचा आकडा, दुसरीचा, तिसरीचा, चौथीचा: सर्व मिळून १२९६ शक्यता. प्रत्येकीत ६ आहे का ते तपासायचे, असेल तर मोजणीत एक मिळवायचा. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उत्तर येते: ६७१. म्हणजे १२९६ पैकी ६७१, सुमारे ५१.८ टक्के. निम्म्याहून किंचित जास्त.

दुसऱ्या डावाला ही रीत चालत नाही. २४ फेकांच्या एकूण शक्यता लिहायला ३८ अंकी संख्या लागते. सेकंदाला शंभर कोटी शक्यता तपासल्या, तरी विश्वाचे आजवरचे वय पुरणार नाही. तेव्हा दुसरी वाट धरायची: संगणकालाच फासे टाकायला लावायचे. १ ते ६ मधला कोणताही एक आकडा निवड, असे दोनदा सांगायचे. दोन्ही ६ आले का पाहायचे. हे २४ वेळा झाले की एक डाव संपला. असे डाव खेळवत जायचे आणि जिंकलेले मोजायचे.

किती डाव? शंभर खेळवले तर जिंकलेल्यांचा आकडा एकदा ४५ येईल, एकदा ५४; त्यातून काहीच कळत नाही. १० लाख खेळवले की आकडा स्थिरावतो: सुमारे ४९.१ टक्के. निम्म्याहून किंचित कमी! दोन्ही डाव सारखे नाहीत.

हेच उत्तर कागदावर दोन ओळींत निघते. ‘एकदा तरी’ असा प्रश्न आला की उलट बाजूने मोजावे: एकदाही न पडण्याची संधी किती? एका फेकीत ती ३५/३६. हा अपूर्णांक २४ वेळा एकमेकांशी गुणला की ०.५०८६ येतो. तो १ मधून वजा केला की ०.४९१४.

येथे मुलांना एक सापळा दाखवून द्यावा. दोन फाशांऐवजी ‘२ ते १२ मधला कोणताही एक आकडा निवड’ असे संगणकाला सांगितले, तर तो मुकाट्याने तसेच करील आणि उत्तर देईल ९० टक्के! कारण ती आज्ञा १२ ला ७ इतकीच संधी देते. प्रत्यक्षात ३६ जोड्यांपैकी ७ बेरीज होणाऱ्या जोड्या ६ आणि १२ होणारी एकच. संगणक मोजतो, समजून घेत नाही. प्रश्न नीट मांडणे आपल्याच अकलेचे काम आहे.

आता त्या ४९.१ टक्क्यांकडे पुन्हा पाहा. हा डाव खेळणारा निम्म्याला टेकलेल्या वेळा जिंकतो. मित्रांना जिंकलेले डाव सांगतो, हरलेले नशिबावर ढकलतो. डावाला १० रुपये लावून हजार डाव खेळला, तर सरासरी १७२ रुपये गमावतो. डाव मांडणाऱ्याला ना लबाडी करावी लागते, ना घाई. एवढासा कल आपल्या बाजूला ठेवला की पुरे. बाकीचे काम खेळणाऱ्याची चिकाटी करते. मोबाइलवर पैसे लावायला बोलावणाऱ्या खेळांचा पाया हाच आहे. घरातल्या तरुणाला नुसते ‘हे वाईट आहे’ म्हणण्याबरोबरच हा प्रोग्राम त्याच्या हातून लिहून घ्या. स्वतः मोजलेला आकडा मनात पक्का बसतो.

पुढच्या अंकापर्यंतचे कोडे: तीन फासे टाकले तर ९ ही बेरीज सहा प्रकारे होते आणि १० ही सहाच प्रकारे. तरीही १० जरा जास्त वेळा पडते. यावर गॅलिलिओनेही लिहिले आहे. तीन लूप, २१६ शक्यता. करून पाहा, आणि ‘का’ हेही लिहून ठेवा.