पेशन्सचं कौतुक पुरे!

फ्लॉरेन्सच्या 'पिएत्रा दुरा'चा, म्हणजे रंगीत दगडांचे पातळ तुकडे सांध्याला सांधा भिडवून केलेल्या चित्रांचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. "बापरे, काय पेशन्स!" आणि "अगदी रंगवल्यासारखं वाटतं हो!" म्हणणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं. मला मात्र दोन्ही वाक्यं डोक्यात जातात.

पेशन्स काय, तांदूळ निवडायलाही लागतो. इथलं खरं काम करवतीच्या आधीचं. गुलाबाची एक पाकळी करायची, तर कारागीर दगडाच्या चकतीवर कागदी नमुना फिरवत बसतो. दगडातली छटा नेमकी कुठे अशी उतरते, की पाकळीवर आपोआप सावली पडेल? इथे रंग कालवायची सोय नाही, दगडात असेल तेच. जागा ठरली की नमुना चिकटवायचा आणि लाकडी धनुकलीला ताणलेल्या तारेने, ओली कुरुंदाची भुकटी घालत, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीचा तुकडा कापायचा. चुकलं तर तीच छटा पुन्हा मिळेलच असं नाही. याला नुसती चिकाटी म्हणणं म्हणजे गवयाला "काय दम आहे हो तुमचा!" म्हणण्यातला प्रकार.

कुणी म्हणेल, आराखडा तर चित्रकारच काढून देतो. देतो ना! पण कुठला दगड कुठल्या पाकळीसाठी, हे आराखड्यात नसतं.

आणि रंगवल्यासारखं कशाला हवं? रंग उडतात, वार्निश पिवळं पडतं. मेदिची घराण्याला टिकणारं काही हवं होतं, म्हणून तर पहिल्या फर्दिनांदोने १५८८ मध्ये दरबारी कारखाना काढला.

यात एवढं चिडण्यासारखं काय? सांगतो. ज्याच्याकडे नुसता पेशन्स, त्याला मजुरी मिळते. नाव मिळतं ते नजर असणाऱ्याला. याच कारखान्यात एका इंग्रज ड्यूकसाठी घडवलेलं कपाट २००४ मध्ये लंडनच्या लिलावात एक कोटी नव्वद लाख पौंडांना गेलं. जग त्याला ड्यूकच्या वाड्यावरून 'बॅडमिंटन कॅबिनेट' म्हणतं. बाच्चो काप्पेल्ली नावाच्या कारागिराने १७२० मध्ये त्यातल्या एका दगडी चित्रावर सही केली आहे. कुठे? मागच्या बाजूला, जिथे कुणी बघत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी "काय पेशन्स" ओठांवर आलं, तर जरा थांबा. "हा दगड याला दिसला कसा?" असं विचारून बघा.