उसवण्याचे धारिष्ट्य

पैठणीचा पदर विणताना प्रत्येक रंगाचे रेशीम स्वतंत्र कांडीवरून हाताने ओवले जात असल्यामुळे, आणि शेजारच्या रंगांचे धागे परस्परांत अडकवून बांगडीमोर किंवा आसावलीची वेल उलट-सुलट दोन्ही अंगांनी सारखीच साकार होत असल्यामुळे, चार बोटे मागे चुकलेला एक धागा पुढच्या साऱ्या नक्षीस वाकडे वळण लावतो. आणि मग येवल्याच्या वा पैठणच्या विणकरापुढे, ज्या क्रमाने धागे घातले त्याच्या नेमक्या उलट क्रमाने ते काढीत मूळ दोषापर्यंत माघार घेण्यावाचून अन्य तजवीज उरत नाही. ही माघार जोखमीची असते, कारण बाण्याचे रेशीम बदलता येते, परंतु मागावर चढविलेला ताणा तोच राहतो, आणि वारंवारच्या घर्षणाने तो विसविशीत झाला की पुढील विणीचा आधारच ढासळतो. पेशवाईच्या दरबारात मानाचा जिन्नस ठरलेल्या या वस्त्राची किंमत गिऱ्हाईक आजही जर आणि मोर पाहून ठरविते. उसवण्यात गेलेले दिवस मात्र कोणत्याही हिशेबात रुजू होत नाहीत, आणि मजुरी बहुधा तयार नगावर मिळत असल्याने तो भुर्दंड विणकराच्याच माथी बसतो. पैठणीचा भाव करताना सुज्ञ वाचकांनी ही अलिखित मजुरीही जमेस धरावी.