दोष आणि आवड

घरच्या संगणकावर गाणे ध्वनिमुद्रित करून त्याचे मिश्रण करणारे हौशी तरुण आता अनेक कुटुंबांत आढळतात. मिश्रण म्हणजे गायन, तबला, पेटी यांच्या स्वतंत्र मुद्रणांचा साधलेला मेळ. तो ऐकवून नवशिका विचारतो, ‘कसे झाले?’ तेव्हा उत्तर देणाऱ्याने दोष आणि आवड यांची खाती वेगळी ठेवावीत.

डिजिटल मुद्रण करताना पातळी शून्य डेसिबलच्या मर्यादेला भिडली की ध्वनिलहरीचे माथे कापले जाते व स्वर फाटतो. मागाहून आवाज कमी केल्याने तो सांधला जात नाही. दोन स्पीकरांवर भरदार वाटणारे वाद्य एकाच स्पीकरवर क्षीण होते, तेव्हा दोन बाजूंच्या विरुद्ध लहरी एकमेकींना खोडत असतात. असे दोष कोणालाही पडताळता येतात. ते नेमकी जागा आणि उपाय यांसह निःसंकोच सांगावेत.

तबला पुढे असावा की मागे, आवाजाला घुमारा किती असावा, हा मात्र रुचीचा प्रश्न. तेथे प्रथम करणाऱ्याचा हेतू विचारावा. मत दिलेच तर ते स्वतःची आवड म्हणूनच द्यावे. दोष वाटणारी गोष्टही कधी हेतुपुरस्सर असते. बीटल्सच्या १९६४ मधील ‘आय फील फाइन’च्या आरंभीचा गिटारचा गुंजारव मुद्दाम ठेवलेला आहे.

लेखापरीक्षक जमाखर्चातील चूक दाखवतो. दुकानात कोणता माल ठेवावा, हे ठरवत नाही. ही मर्यादा सुटली की नवशिका प्रत्येकाच्या पसंतीनुसार गाणे बदलत राहतो आणि अखेरीस त्यात त्याचे स्वतःचे काही उरत नाही.