मासा कुणी पकडला?

माझ्या मामूंना लकवा मारला तेव्हा ते त्रेसष्ट वर्षांचे होते. भुसावळला रेल्वेत नोकरी झाली, रिटायर होऊन जळगावला राहायला आले आणि तीनच वर्षांत उजवा हात, उजवा पाय निकामी झाल्यासारखे झाले. मोहल्ल्यात मामूंची ओळख दोनच गोष्टींनी होती, एक ड्युटी आणि दुसरी गळ. सुट्टीच्या दिवशी फजर पढायची, सायकलच्या दांडीला बांबूची काठी बांधायची आणि तापी नाहीतर गिरणा गाठायची. हतनूर धरणाचे 41 दरवाजे हा माणूस झोपेतही मोजून दाखवेल, असं मामी म्हणायच्या.

लकव्यानंतर ती काठी माळ्यावर गेली. कुणी ठरवून टाकली नाही. घर आवरताना गेली. मामू काही बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. त्यांना वेळेवर गोळ्या मिळत होत्या, जेवण मिळत होतं, भेटायला येणारा प्रत्येक जण "आराम करा" म्हणत होता. दोन वर्षं त्यांनी आराम केला. त्या दोन वर्षांत त्यांचं बोलणं कमी होत गेलं, आणि हे आजाराचंच लक्षण आहे असं आम्ही समजून घेतलं.

मग एका थंडीत मी त्यांना गिरणेवरच्या एका बंधाऱ्यावर नेलं. जिथे मासेमारीचा ठेका होता त्या संस्थेच्या माणसांना आधी विचारलं. त्यांनी हसून परवानगी दिली. मी खुर्ची मांडली, गळाला कणीक लावली, गळ टाकला, तिलापिया लागला तसा ओढून काढला आणि मामूंच्या मांडीवर ठेवून फोटो काढायला लागलो. मामूंनी मान फिरवली. म्हणाले, "ये तेरी मछली है बेटा, मेरी नहीं."

हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहितोय.

आपण आजारी, अपंग, म्हाताऱ्या माणसाला मदत करतो म्हणजे बहुतेक वेळा त्याचं काम आपण करून टाकतो. त्यात प्रेम असतं, शंका नाही. पण त्याच्या वाट्याला उरतं ते फक्त बघणं. मामूंना मासा खायचा नव्हता. मासा तर बाजारातही मिळतो. त्यांना तंगुसाला बसलेला झटका स्वतःच्या हाताला जाणवायला हवा होता. मी तेवढंच हिरावून घेतलं होतं आणि वर फोटो काढत होतो.

मग मी शिकायला बसलो. अमेरिकेत बास नावाच्या माशाचं फार वेड आहे आणि तिथे हाताने, पायाने अधू असलेल्या लोकांनी तो पकडावा म्हणून साधनंसुद्धा मिळतात: खुर्चीला जोडायचे काठीचे होल्डर, कमरेचा पट्टा, बटण दाबलं की तंगूस गुंडाळणारं विजेचं रीळ. आपल्याकडे बास नाही आणि मामूंच्या पेन्शनीत विजेचं रीळ बसत नाही. पण त्यामागचा विचार फुकट घेता येतो. ताकद कमी असेल तर ताकदीचं काम वस्तूवर टाका, निर्णयाचं काम माणसाकडे ठेवा.

आमच्याकडच्या गेट बनवणाऱ्या वेल्डरने लोखंडी पाइपाचा एक तुकडा तिरपा कापून खुर्चीच्या हाताला क्लॅम्पने बसवून दिला. त्यात काठी उभी राहते. आता काठी धरायला हात लागत नाही, चांगला हात फक्त रीळ फिरवायला मोकळा राहतो. साध्या स्पिनिंग रीळाचा दांडा काढून दुसऱ्या बाजूला लावता येतो, तो डावीकडे घेतला. लांब, जड बांबूऐवजी सहा-सात फुटांची हलकी काठी घेतली. ज्यांची पकड कमजोर आहे त्यांच्यासाठी मुठीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली की ती जाड होते आणि निसटत नाही. काठीच्या टोकाला छोटी घंटी बांधली. गळ बदलला. नेहमीच्या गळाला मासा लागताच जोरात हिसका द्यावा लागतो, गोल वळणाच्या गळात मासा तोंड फिरवून निघाला की गळ आपोआप त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. तिथे फक्त शांतपणे रीळ फिरवायचं. हिसका देण्याची ताकद ज्याच्याकडे नाही, त्याच्यासाठी एवढासा फरक पुरेसा आहे.

मासाही विचार करून निवडावा लागतो. कटला आणि रोहू मोठे होतात, खोल पाण्यात असतात, लागले तर दमवतात. बसून गळ टाकणाऱ्याला मरळ आणि तिलापिया बरे. मरळ शिकारी आहे, काठाजवळच्या गवतात दबा धरून बसतो, हवा घ्यायला वर येतो. म्हणजे लांब फेकण्याची गरजच नाही. अमेरिकेतल्या बासचीही अशीच आडोशाची सवय, म्हणून आपला बास म्हणजे मरळ असं मी मामूंना सांगितलं. मामू म्हणाले, मरळला अमेरिकेचं सर्टिफिकेट कशाला पाहिजे? एक गोष्ट त्यांनी मला शिकवली. पावसाळ्यात मरळाची जोडी आपल्या लालसर पिलांच्या थव्याची राखण करत फिरते. तेव्हा त्यांच्यावर गळ टाकायचा नाही.

खरी अडचण गळाची नव्हतीच, काठाची होती. खानदेशातली काळी माती ओली झाली की चाकं गिळते आणि उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की तडे गेलेल्या जमिनीवरून खुर्ची ढकलणं हाल असतात. आम्ही दोन फळ्या नेतो, चाकांखाली घालतो, ब्रेक लावून मागे दगड ठेवतो. जळगाव-भुसावळचं ऊन 45 अंशांच्या वर जातं तेव्हा पहाटेच जायचं आणि ऊन चढायच्या आत घरी. ज्यांच्या मणक्याला इजा झालेली असते त्यांना घाम नीट येत नाही, त्यांच्यासाठी ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. ज्या हाताला संवेदना कमी आहे त्याला गळ टोचल्याचंही कळत नाही, म्हणून गळ लावायचं आणि काढायचं काम माझं. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय काठावर बसायचं नाही. धरणातून पाणी सोडण्याच्या दिवसांत नदीवर जायचंच नाही.

काही नातेवाईक म्हणाले, या वयात हा खेळ कशाला, धोका कशाला? त्यांना मी एवढंच विचारलं, नमाजचं काय? उभं राहता येत नसेल तर बसून पढा, बसता येत नसेल तर झोपून, तेही जमत नसेल तर इशाऱ्याने. आपल्या दीनने आजारी माणसाची नमाज दुसऱ्याला पढायला दिली नाही. पद्धत सोपी केली, वाटा त्याचाच ठेवला. हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम अंध होते, तरी मदीनेत अजान देत आणि पैगंबरसाहेब बाहेरगावी असताना शहराची जबाबदारीही त्यांच्याकडे सोपवली गेली होती. त्यांना "आराम करा" असं कुणी म्हटलं नाही. हा धडा आपण मशिदीत खुर्च्या ठेवण्यापुरताच का घ्यायचा?

कायदाही याच बाजूने आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले, आणि त्यात शिक्षण-नोकरीबरोबर करमणूक आणि खेळ यांसाठीही स्वतंत्र कलमं आहेत, 29 आणि 30. म्हणजे माणसाला मन रमवायलाही हक्क आहे, हे देशाने लिहून दिलंय. पण आपल्याकडे तलावाचं सुशोभीकरण म्हणजे कठडा, पायऱ्या, कारंजं आणि सेल्फी पॉइंट. पाण्यापर्यंत उताराची एक वाट आणि काठावर खुर्ची स्थिर राहील एवढा दहा फुटांचा सपाट ओटा, याला कारंज्याइतका खर्च येत नाही. जळगावचा मेहरूण तलाव असो की धुळ्याचा नकाणे, जिथे जिथे काठाचं काम निघेल तिथे नागरिकांनी ही एक मागणी आधीच लेखी द्यावी. काम झाल्यावर कठडा कुणी तोडत नाही. मासेमारी संस्थांनीही वर्षाचे काही दिवस अशा लोकांसाठी मोकळे ठेवले तर त्यांचं काय जाणार आहे? एका सकाळी चार तिलापिया.

आणि सगळा दोष सरकारवर टाकून आपण मोकळे होऊ नये. मामूंची काठी माळ्यावर सरकारने टाकली नव्हती. ती आम्ही टाकली होती. माझ्या मामींचे गुडघे दहा वर्षांपासून दुखतात, त्यांना काय आवडायचं हे तर आम्हाला आठवतही नाही, कारण विचारलंच नाही. हे लिहिताना मला त्याची लाज वाटते.

पाइपाची खुर्ची घेऊन गेलो त्या तिसऱ्या सकाळी घंटी वाजली. मी उठलो, मामूंनी डावा हात वर करून मला थांबवलं. रीळ फिरवायला त्यांना फार वेळ लागला. दोनदा हात थकला, दोनदा त्यांनी तो मांडीवर ठेवला, काठीला पाइपाने धरून ठेवलं. मी फक्त लांब दांड्याची जाळी धरून उभा होतो आणि मला वाटत होतं की आता सुटला, आता सुटला. मरळ होता, अर्ध्या किलोच्या आसपास.

घरी आल्यावर मामींनी दारातच विचारलं, किसने पकडी? मामू काही बोलले नाहीत. पिशवी डाव्या हातात होती, ती पुढे केली. त्या दिवशी जेवताना त्यांनी आम्हाला 1983 सालची एक लांबलचक गोष्ट सांगितली, त्यात एक शिंगाळा होता, एक स्टेशन मास्तर होता आणि निम्मं खोटं होतं. दोन वर्षांनंतर ते इतकं बोलत होते.

तुमच्याही घरात माळ्यावर काहीतरी पडलेलं असेल. काठी असेल, शिवणयंत्र असेल, कॅरमचा बोर्ड असेल. ते खाली काढा. मग ज्याचं आहे त्याला विचारा की यात काय बदललं तर पुन्हा जमेल. आणि जमायला लागलं की हात मागे घ्या.