शुल्झ म्हणजे जर्मनीतले पाटीलच!

डिसेंबर २०२१ ते मे २०२५ जर्मनीचे चॅन्सलर असलेले ओलाफ शोल्झ तुम्हाला बातम्यांमुळे माहीत असतील. २०१७ मध्ये अँगेला मर्केल यांना आव्हान देऊन हरलेले मार्टिन शुल्झ, स्नूपीला जन्म देणारे कार्टूनिस्ट चार्ल्स शुल्झ आणि स्टारबक्स जगभर नेणारे हॉवर्ड शुल्ट्झ हे त्यांचे आडनावबंधू. स्पेलिंग वेगवेगळं, पण मूळ एकच. मध्ययुगात जमीनदारासाठी गावातली देणी वसूल करणारा अधिकारी म्हणजे 'शुल्थाइस'. थोडक्यात, आपले पाटील! गावोगावी असा एक असायचा, म्हणून आज शुल्झही गल्लोगल्ली. सगळे पाटील जसे एका घरातले नसतात, तसंच हेही.

इथवर गंमत आहे. पण आडनाव नोकरीच्या दारात उभं राहतं तेव्हा काय होतं?

कॉन्स्टान्झ विद्यापीठातल्या लेओ कास आणि क्रिस्तियान मांगर या अर्थतज्ज्ञांनी हे तपासून पाहिलं. विद्यार्थ्यांसाठीच्या ५२८ इंटर्नशिप जाहिरातींना त्यांनी प्रत्येकी दोन अर्ज पाठवले. पात्रता सारखीच, फक्त एक नाव जर्मन वळणाचं, दुसरं तुर्की. जर्मन नावाला होकारार्थी उत्तर मिळण्याची शक्यता साधारण १४ टक्क्यांनी जास्त निघाली, छोट्या कंपन्यांत तर २४ टक्क्यांनी. मात्र उमेदवाराच्या स्वभावाबद्दल चांगलं सांगणारं शिफारसपत्र ज्या अर्जांसोबत होतं, तिथे हा फरक दिसलाच नाही.

याचा अर्थ काय? माणसाबद्दल माहिती कमी असली की समोरचा आडनावावरून अंदाज बांधतो. ठोस माहिती मिळाली की आडनावाचं वजन घटतं.

जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये आज सर्वांत जास्त भारतीय आहेत. तुम्हीही तिकडे जायचा विचार करत असाल, तर आधीच्या इंटर्नशिपचं पत्र मागून घ्यायला लाजू नका. अर्थात, भेदभाव मोडण्याची जबाबदारी फक्त अर्जदारावर टाकणं बरोबर नाही. निवड करणाऱ्यांनीही पहिल्या फेरीत नाव झाकून अर्ज वाचायला काय हरकत आहे?

जर्मनीत १ मे २०२५ पासून नवरा-बायको दोघांनाही जोडआडनाव लावता येतं, मुलांनाही ते देता येतं. कायद्याने आडनाव सैल केलं, आता नजर सैल व्हायला हवी. आणि ती फक्त तिकडेच नाही. रूम शोधताना 'पूर्ण नाव काय?' हा प्रश्न आपल्याकडे कशासाठी विचारतात, ते तुम्हाला ठाऊक आहेच.